मोटरी बंद, नेट चालू

कुशाबाईंच्या घराची आजवर बऱ्याच जणांनी तपासणी केली होती. सोसायटीच्या साहेबांनी गोठ्यात वाकून म्हशी बघितल्या होत्या. कारखान्याच्या चिटबॉयनं उसाची नोंद घेताना बांधावरची कोथिंबीर तुडवली होती. मुलाला, यशराजला, मुलगी द्यायची की नाही हे ठरवायला आलेल्या पाहुण्यांनी तर विहिरीत डोकावून पाणीसुद्धा बघितलं होतं. पण घरातला आवाज तपासायला माणूस येणार, हे वरकुट्यात पहिल्यांदाच घडत होतं. माणूस म्हणजे बाई. आणि येणार म्हणजे काचेतून.

झालं होतं असं, की कुशाबाईंच्या सुनेला, सुप्रियाला, लॅपटॉपवरून गणित शिकवायचं काम लागलं होतं. पोरं कुठली कुठली, कुणी पुण्याची, कुणी दुबईची. पहिला तास आज दुपारी बाराला. पण त्याच्या आधी अकरा वाजता कंपनीच्या मोना मॅडम फोन लावणार, आवाज नीट येतो का, चेहरा नीट दिसतो का आणि इंटरनेट टिकतं का ते बघणार, आणि मगच तास सुरू होणार.

एवढ्यानं कुशाबाई घाबरल्या नसत्या. घोळ घातला तो त्यांच्या विहीणबाईंनी. सिंधुबाई वालचंदनगरच्या. नवऱ्याची नोकरी कंपनीत, राहणं क्वार्टरमध्ये, बोलणं कडक इस्त्रीचं. आदल्या संध्याकाळी सुप्रियानं आईचा फोन स्पीकरवर टाकून भाकरी थापायला घेतली, आणि चुलीजवळ बसलेल्या कुशाबाईंच्या कानात ते बोलणं आयतंच पडलं.

"सुप्रिया, उगीच धोका घेऊ नकोस. तुमच्या तिकडं लाईटचा पत्ता नाही, नेटचा पत्ता नाही. आमच्या क्वार्टरमध्ये काही प्रॉब्लेम नसतो. उद्या मी येतेच, रिकामी बॅग घेऊन येते. तुझे चार कपडे भरू. सोमवार ते शुक्रवार इथून शिकव, शनिवार-रविवार जा तिकडं."

सुप्रिया म्हणाली, "आई, उद्या तपासणी पास झाली की प्रश्नच नाही."

"आणि नाही झाली तर?"

यावर सुप्रियानं तव्यावरची भाकरी उलटली. कुशाबाईंना ते भाकरी उलटणं फार लागलं. त्यांनी सरळ अर्थ लावला: सून आठवडाभर माहेरी आणि शनिवार-रविवारी पाहुणी. सून पाहुणी म्हटल्यावर सासू कोण? खानावळवाली. आणि साऱ्या गावात बोभाटा काय होणार, तर कुशाबाईंच्या घरात सुनेला शिकवायला जागा नव्हती. ज्या घरात एकेकाळी वीस माणसांची पंगत उठायची, त्या घरात एक तास बसायला जागा नाही!

"येऊ द्या बॅग घिऊन," त्या तव्याला उद्देशून म्हणाल्या. "न्यायला काय मिळतंय ते बघू."

सकाळी उठल्या उठल्या त्यांनी पहिलं काम केलं ते रीतीचं. घरात ट्रॅक्टर आला तेव्हा पूजा झाली होती. बोअरची मोटर आली तेव्हा झाली होती. पिठाच्या गिरणीलासुद्धा हार घातला होता. मग हे यंत्र का बिनपूजेचं राहावं? सुप्रिया अंघोळीला गेलेली बघून त्यांनी हळद-कुंकवाचा करंडा घेतला, लॅपटॉप उघडला आणि त्याचं कपाळ शोधलं. वरच्या कडेला बरोबर मध्यावर एक बारीक गोल टिपका दिसला. देवानंच जागा आखून ठेवलीया, असं म्हणून त्यांनी त्यावर ठसठशीत कुंकू लावलं. नारळ मात्र उंबऱ्यावर फोडला. यंत्रावर पाणी उडू नये एवढी अक्कल त्यांना होती, आणि ती आपल्याला आहे याचा अभिमानही होता.

सुप्रियानं येऊन लॅपटॉप लावला आणि ती किंचाळली. "आत्या! स्क्रीनवर सगळं लाल दिसतंय. कॅमेरा गेला वाटतं!"

कुशाबाईंना कारण तत्क्षणी कळलं. पण कळलं हे कळू देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "आण हिकडं," म्हणून त्यांनी पदराचं टोक जिभेवर ओलं केलं आणि टिपका पुसला. सुप्रियाचा चेहरा लख्ख दिसू लागला.

"काय केलंत तुम्ही?"

"दुरुस्ती," कुशाबाई म्हणाल्या.

तेवढ्यात शेजारच्या सारजाबाई ताक मागायला आल्या. सारजाबाईंना ताक रोजच लागायचं, पण ज्या दिवशी कुशाबाईंच्या घरात काही घडणार असेल त्या दिवशी ते लवकर लागायचं. त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि भिंतीवर बोट ठेवलं.

"माझी भाची अशीच शिकवती. तिनं मागं पुस्तकांचं कपाट ठेवलंया. मागनं भिंत शिकल्याली दिसाय पायजे."

कुशाबाईंच्या घरात पुस्तकं म्हणजे एक पंचांग आणि खतकंपनीची डायरी. मागच्या भिंतीवर होते ते त्यांच्या नवऱ्याचे, हिंदुरावांचे फोटो. सोसायटीचे माजी संचालक म्हणून शाल घेताना हिंदुराव, नारळ घेताना हिंदुराव, दुसऱ्याला दिलेल्या नारळाकडं बघताना हिंदुराव. सुप्रिया म्हणाली, कंपनीला साधी भिंत लागते, फोटो तासापुरते काढू. कुशाबाई म्हणाल्या, जित्या माणसाचे फोटो भिंतीवरनं काढत न्हाईत, मेल्याचे लावत्यात.

मग तोड निघाली ती पांढऱ्या चादरीची. एक टोक खिळ्याला अडकवलं. दुसऱ्या टोकासाठी खिळा ठोकला तर मूठभर प्लास्टर खाली आलं. मग ते टोक खुद्द हिंदुरावांच्या हातात दिलं. ते फोटो झाकायचे म्हणून फोटोतलाच माणूस चादर धरून उभा राहिला.

"आवं, हात वर ठिवा," कुशाबाईंनी बजावलं.

"लग्नात अंतरपाट बी एवढा येळ धरत न्हाईत," हिंदुराव म्हणाले. दिवसभरातलं त्यांचं हे सगळ्यात लांब वाक्य.

"तवा भटजी हुता म्हणून. न्हायतर तवाच सोडला असता तुमी."

सगळं जमलं असं वाटत असतानाच खोलीतला बल्ब बारीक झाला. बारीक म्हणजे असा, की त्याच्या उजेडात बल्बच तेवढा दिसावा. कोपऱ्यातली नेटची डबी डोळे मिचकावून विझली आणि पुन्हा पहिल्यापासून जागी होऊ लागली.

कुशाबाईंनी उंबऱ्यात येऊन कान दिला. या आठवड्यात शेताची लाईट दिवसाची होती. साऱ्या वस्तीच्या मोटरी एका दमात घुंईं करत सुरू झाल्या होत्या, आणि तारेत जो काही दम होता तो उसाच्या मुळांशी चालला होता.

शेतकऱ्याला त्याच्या लाईटच्या वेळेत मोटर बंद कर म्हणणं म्हणजे जेवत्या माणसाला ताटावरून उठ म्हणणं. पण कुशाबाई उठल्या. पहिल्यांदा गेल्या त्या सारजाबाईंच्या नवऱ्याकडं, साहेबरावांकडं. ते पाटाच्या कडेला फोन आभाळाकडं धरून उभे होते. वस्तीवर फोनला रेंज यायची ती मर्जी झाली तरच.

"साहेबराव, दुपारपातूर मोटर बंद ठिवा."

"वयनी, ऊस वाळाय लागलाय."

"दुपारपातूर वाळत न्हाय. माझी सून माहेरला चाललीया."

"मग जाऊ द्या की. चार दिसांनी यील."

कुशाबाईंची नजर आभाळाकडं धरलेल्या फोनवर गेली, आणि त्यांच्या डोक्यात तो विचार आला, ज्याचं त्यांना पुढचा अर्धा तास फार कौतुक वाटणार होतं.

"असं करा. मोटर बंद करा आन् आमच्या वट्यावर या. आमचं नेट घ्या. फुकट. माझं नाव टाकलं, पुढं एक-दोन-तीन टाकलं, की कुलूप उघडतं."

साहेबरावांनी मोटर बंद केली. मग ही बातमी मोटरीच्या पाण्यापेक्षा जोरात पळाली. एकेक करून वस्तीतली घुंईं थांबत गेली आणि एकेक करून माणसं ओट्यावर येऊन बसली. सगळे अंगठ्यांनी कुशाबाईंचं नाव टाकत होते. साऱ्या वस्तीनं त्यांचं नाव एकाच वेळी घ्यावं, तेही भांडण नसताना, असं जन्मात पहिल्यांदाच घडलं. बल्ब उजळला. कुशाबाईंची छाती दोन इंच वर आली.

"बघितलंस? लाईट आली का न्हाय?" त्यांनी आत जाऊन विचारलं.

सुप्रिया बल्बकडं बघून इतकी खूश झाली, की लाईट कशी आली हे तिनं विचारलंच नाही. कुशाबाईंनीही सांगितलं नाही. देणाऱ्यानं दान बोलून दाखवू नये.

आता राहिला आवाज. अकराला दहा मिनिटं असताना रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर आला. मागं दोन ट्रॉल्या, वर ऊस, आणि पुढं टेप असा लावलेला की त्यातल्या ढोलानं घरातली भांडी मांडणीवर सरकली. सुप्रियानं कानावर हात ठेवले. "आत्या, तपासणीत असा आवाज आला तर संपलंच."

कुशाबाई काठी घेऊन रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. ट्रॅक्टर थांबला. वर संदेश नावाचा ओळखीचाच गडी होता.

"टेप बंद कर. घरात आवाजाची तपासणी हाय."

"काकू, टेप बंद क्येला की मला झोप येती. रातभर तोडीच्या फडातच हुतो."

"मग हितंच झोप. उतर खाली."

संदेश बिचारा उतरला आणि ट्रॅक्टर जागीच बंद केला. आता त्या रस्त्याची रुंदी एवढी, की एक दुहेरी ट्रॉली उभी राहिली की तिच्या बाजूनं शेळीसुद्धा विचार करून जाते. मागून दुसरा ट्रॅक्टर आला. मग तिसरा. मग दुधाचा टेम्पो. त्याच्या मागं एसटी. शांतता व्हावी म्हणून थांबवलेल्या रस्त्यावर असा काही हॉर्नचा गजर सुरू झाला, की गोठ्यातली म्हैस दावं तोडायला लागली.

कुशाबाईंनी इथंही मघाचाच उपाय वापरला. लागू पडलेलं औषध माणूस बदलत नाही. "जो हॉर्न वाजवणार न्हाय त्याला नेट!" असं त्यांनी रस्त्यावर जाहीर केलं. हॉर्न थांबले. ड्रायव्हर ओट्यावर आले. टेम्पोवाला आला. एसटीचा कंडक्टरही आला, पण तो म्हणाला की मी फक्त चौकशीला आलोय, आणि चौकशी करता करता त्यानं फोन काढला.

आणि बरोबर अकराच्या ठोक्याला, जेव्हा साऱ्या वस्तीत टाचणी पडली तरी ऐकू आली असती, तेव्हा वळणावरून खड्खड् खड्खड् असा आवाज येऊ लागला. सिंधुबाई एसटीतून उतरून चालत येत होत्या. मागं चाकाची मोठी बॅग. रिकामी असल्यामुळं ती प्रत्येक दगडाला उत्तर देत होती.

"मागे कसला आवाज आहे?" लॅपटॉपमधून मोना मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला.

"विहीणबाई आल्या," कुशाबाई दाराआडून म्हणाल्या. "आता थांबंल."

सिंधुबाईंनी ओट्यावरची गर्दी बघितली, रस्त्यावरची रांग बघितली, चादर धरून उभे असलेले व्याही बघितले, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात जाऊन बसल्या.

तपासणी सुरू झाली. आवाज पास झाला. चेहरा पास झाला, म्हणजे मध्येच चादर खाली आली आणि सुप्रियाच्या खांद्यामागून एक पांढरी टोपी उगवली, पण "वर!" असा हलका हुकूम झाल्यावर ती मावळली.

"मागे कोणी आहे का?"

"नाही मॅडम, पडदा आहे," सुप्रिया म्हणाली. कुशाबाईंना सून आवडली ती त्या क्षणी. पडद्याला टोपी असते हे तिनं किती सहज सांगितलं.

"ओके. आता आपण इंटर..." मोना मॅडम म्हणाल्या आणि तोंड उघडं ठेवूनच थांबल्या. मग त्यांच्या चेहऱ्याच्या चौकटी चौकटी झाल्या, जणू कुणी वाफे पाडावेत. आवाज आला तो तुटक. "सु... या... तुम... नेट..."

सुप्रिया रडकुंडीला आली. "आत्या, कालपर्यंत नेट मस्त होतं. आज कोणीतरी ओढतंय. मॅडमनी मेसेज टाकलाय, पाच मिनिटांत सुधारलं नाही तर आजचा तास दुसऱ्याला देतील."

स्वयंपाकघरातून आवाज आला, "मी बॅग उघडून ठेवू का?"

कुशाबाई "ओढतंय" या शब्दावर थांबल्या होत्या. त्यांची जमीन चारीच्या टेलला, अगदी शेवटाला. म्हणजे कालव्याचं पाणी वरच्या, हेडच्या, साऱ्यांचं पोट भरून उरलं तर यांच्याकडं यायचं. लग्न होऊन आल्यापासून त्या एकच भांडण भांडत आल्या होत्या: हेडवाले पाणी ओढतात आणि टेलला चिखल येतो. त्यासाठी त्यांनी पाटकऱ्याला शिव्या दिल्या होत्या, चारीवर खाट टाकली होती, एकदा तर वरच्या बागायतदाराच्या सायफनचा पाईप ओढून आणून घरात कपडे वाळत घालायला वापरला होता.

त्यांनी दारातून ओट्याकडं बघितलं. ओटाभर माणसं, माणसागणिक फोन. कुणी कुस्ती बघत होतं, कुणी कीर्तन, संदेश झोपला होता पण त्याच्या छातीवरचा फोन एकटाच नाच बघत होता. डबी ओट्याच्या भिंतीला लागून. सुप्रिया आत, शेवटच्या खोलीत.

ओटा हेडला होता. आणि सून टेलला.

आणि चारी फोडली होती कुणी, हे कुशाबाईंना पक्कं ठाऊक होतं. पण घरात ते ठाऊक असणाऱ्या त्या एकट्याच होत्या, आणि त्यांनी ते तसंच राहू द्यायचं ठरवलं.

"वॉल बंद करा!" त्या ओट्यावर येऊन गरजल्या. "समद्यांनी आपापले वॉल बंद करा! टेल कोरडं पडलंय!"

चारीच्या गावात याचा अर्थ कुणाला सांगावा लागत नाही. पण साहेबरावांना पैलवानाची पकड अर्ध्यात सोडवेना. "वयनी, नेट तर तुमीच दिलं की!"

"दिलं व्हतं त्ये तोंड धुवायला. तुमी म्हशी धुताय!"

फोन पटापट बंद झाले. कुशाबाईंनी संदेशच्या छातीवरचा फोन उचलून पालथा घातला. कंडक्टर "मी चौकशीच करत होतो" म्हणत एसटीकडं निघाला.

"आता?" त्यांनी आत जाऊन विचारलं.

"सुधारलंय," सुप्रिया म्हणाली, "पण अजून अडकतंय. अजून एखादा फोन आहे."

तेवढ्यात स्वयंपाकघराकडून कडक इस्त्रीचा आवाज ऐकू आला.

"बघ ना, ही गर्दी बघ! अगं हो, ट्रॅक्टर आहेत ते. इथं कसली गं शिकवणार ती? चित्र स्पष्ट दिसतंय ना तुला?"

कुशाबाई उंबऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या. सिंधुबाई फोन हातभर लांब धरून क्वार्टरच्या मैत्रिणीला व्याह्यांचं घर दाखवत होत्या. फोनमधल्या मैत्रिणीला आता कुशाबाईंचं लुगडं स्पष्ट दिसू लागलं.

"विहीणबाई, तुमच्या क्वार्टरात नेट लई जोराचं, असं ऐकलं व्हतं."

"आहेच मुळी."

"मंग आमचं का वढताय?"

सिंधुबाईंनी फोनकडं बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरची इस्त्री थोडी मोडली. "दिवाळीला आले होते तेव्हा सुप्रियानं जोडून दिलं होतं. ते आपोआप जोडलं गेलं असणार."

"आमच्या चारीला आपोआप काय बी हुत न्हाय. कुणीतरी लावतं तवाच वाहतं."

फोन बंद झाला. आतून मोना मॅडमचा आवाज आला, धबधब्यासारखा, एकही थेंब न तुटता. "हां, आता छान येतंय सुप्रिया! इंटरनेट ओके. फक्त शेवटचं..."

आणि मोना मॅडम पुन्हा थिजल्या.

सुप्रियानं कपाळाला हात लावला. पण कुशाबाईंचा आता घरातल्या प्रत्येक वॉलवर विश्वास होता. आपल्याकडं गळती नाही, म्हणजे गळती तिकडं. त्या चादरीपुढं आल्या, लॅपटॉपसमोर वाकल्या आणि जिथं सकाळी कुंकू लावलं होतं तिथं डोळे रोखून म्हणाल्या,

"मॅडम, आमचं समदं बंद हाय. तुमच्याकडं कुणी मोटर लावलीया का बघा."

काचेतल्या मॅडम हलल्या. गोंधळल्या. मग मान मागं वळवून त्यांनी हाक दिली, "आई, तुमची मालिका जरा थांबवता का? दोन मिनिटं फक्त!"

कुठूनतरी एका म्हाताऱ्या बाईचा रागाचा आवाज आला आणि मोना मॅडमचा चेहरा पाण्यासारखा वाहता झाला. त्या ओशाळून हसल्या. "सॉरी. माझ्या सासूबाई. तपासणी पास आहे, सुप्रिया. बाराला तास सुरू करा."

"सासूला नीट बोलली," कुशाबाई बाजूला होत पुटपुटल्या. "घर चांगलं हाय."

साडेअकराला रस्ता मोकळा झाला. बाराला वस्तीत ठरल्याप्रमाणं एकही मोटर चालू नव्हती, एकही फोन चालू नव्हता, आणि शेवटच्या खोलीतून अपूर्णांक ऐकू येत होते. कुशाबाईंना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. त्या दाराबाहेर बसून माशा मारत होत्या, म्हणजे मारत नव्हत्या, आवाज होऊ नये म्हणून नुसत्या वारत होत्या. आत हिंदुराव दुबईच्या पोरांपुढं अंतरपाट धरून उभेच होते.

तास संपला. सिंधुबाई जायला उठल्या आणि बॅगेपाशी गेल्या. बॅग हलेना. त्यांनी चेन उघडली. आत दोन पायल्या ज्वारी, गुळाची ढेप, शेंगा आणि वर आडवा एक भोपळा. सुप्रियाच्या कपड्याचा धागासुद्धा नव्हता.

"हे काय?"

"कुणाच्या दारातनं भांडं बी रिकामं जात न्हाय, ही तर बॅग हाय," कुशाबाई म्हणाल्या आणि एका हातानं बॅग उचलून ओट्याखाली ठेवली. आता ती अजिबात खडखडत नव्हती.

सिंधुबाईंनी हार मानली नव्हती. पायरी उतरता उतरता त्या थांबल्या. "पण रोज काय गावाच्या मोटरी बंद ठेवणार का तुम्ही?"

"फुडच्या आठवड्यात लाईट रातची. दिवसा मोटर लावून कोण काय करतंय?"

"आणि परत दिवसाची आली की?"

कुशाबाईंनी पदर खोचला. रस्त्याच्या पलीकडं साहेबरावांची मोटर सुरू झाली होती आणि घरातला बल्ब पुन्हा बारीक होत चालला होता. तो विहिणीला दिसू नये म्हणून त्यांनी पाठीमागं दार ओढून घेतलं.

"तवा तुमी या," त्या म्हणाल्या. "रिकामी बॅग घिऊन या, मी भरून दीन. निस्ता त्यो फोन तेवढा घरी ठिवून या."